चूक चालणाऱ्याची कधीपासून व्हायला लागली?

गाडीने कुणाला तरी उडवलं अशी बातमी वाचली की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो, अरे पण हा माणूस ओलांडत होता कुठून? झेब्रावरून होता का, सिग्नल हिरवा होता का, कानात हेडफोन होते का, कपडे काळे होते का वगैरे. गाडी किती स्पीडने होती हे आपण नंतर विचारतो, किंवा विचारतच नाही. आणि हे इतकं सवयीचं झालंय की कायम असंच असणार असं वाटतं, पण तसं नाहीये. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न बरोबर उलटा विचारला जायचा, आणि तो उलटा फिरला त्याचा चांगला नोंदवलेला इतिहास आहे.

गाड्या यायच्या आधी शहरातला रस्ता म्हणजे नुसती जायची वाट नव्हती. घोडागाड्या, ट्राम, हातगाड्या, गप्पा मारणारी माणसं, खेळणारी पोरं, सगळं एकाच जागेत, आणि ज्याचं वाहन जड त्याने सांभाळून जायचं हा साधा समज. ब्रिटनमध्ये तर १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावात ताशी २ मैल आणि बाहेर ४ मैल एवढीच मुभा होती, वर पुढे एक माणूस लाल बावटा घेऊन चालणार. हे अती होतं यात वाद नाही. १८९६ मध्ये हे बंधन उठलं, वेग १४ मैलांपर्यंत वाढवला, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, नवा कायदा लागू व्हायच्याही आधी, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई प्रात्यक्षिकाच्या मोटारीखाली आली. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या गाडीने पायी चालणारं माणूस मेल्याची ही पहिली नोंद. चौकशी करणारा कोरोनर म्हणाला की असं पुन्हा कधी घडू नये. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, न्यूयॉर्कात हेन्री ब्लिस ट्राममधून उतरताना टॅक्सीखाली गेला, आणि ती टॅक्सी इलेक्ट्रिक होती (म्हणजे इंजिन कुठलं हा मुद्दा तेव्हाही नव्हता).

खरी गोष्ट सुरू होते १९२० च्या आसपास अमेरिकेत. गाड्या स्वस्त झाल्या, भराभर रस्त्यावर आल्या, आणि माणसं मरायला लागली, त्यात लहान मुलं खूप. तेव्हा लोकांनी हे 'अपघात' म्हणून सोडून दिलं नाही. बाल्टिमोरमध्ये गाड्यांखाली मेलेल्या मुलांसाठी स्मारक उभारलं. न्यूयॉर्कात १९२२ मध्ये हजारो मुलांची मिरवणूक निघाली आणि त्यातला एक मोठा गट आदल्या वर्षी मेलेल्यांच्या आठवणीत चालत होता. पेपरांत गाडीला राक्षस दाखवणारी व्यंगचित्रं यायची. एकूण सूर असा की रस्ता आमचा आहे, हे नवीन यंत्र आमच्यात घुसलंय, तर याला आवरा.

मग १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात लोकांनी थेट उपाय सुचवला. शहरातल्या प्रत्येक गाडीला गव्हर्नर बसवायचा, म्हणजे ताशी २५ मैलांच्या वर गाडी पळूच शकणार नाही असं यंत्र. दंड नाही, बोर्ड नाही, गाडीच जास्त धावणार नाही. ४२,००० लोकांनी सह्या केल्या आणि प्रस्ताव मतदानाला गेला. इथे मात्र गाडीवाल्या कंपन्या, डीलर, ऑटो क्लब सगळे खडबडून जागे झाले, कारण जी वस्तू ते वेगाच्या नावाने विकत होते तिचा वेगच कुणीतरी काढून घेणार होतं. त्यांनी दणकून प्रचार केला, प्रस्ताव सपाटून पडला. पण धंद्याने यातून एक धडा घेतला, की नुसतं एकेक प्रस्ताव पाडत बसून भागणार नाही, रस्ता कुणाचा हा समजच बदलायला पाहिजे.

आणि त्यांनी तो बदलला, तोही दहा वर्षांच्या आत. मला यातलं सगळ्यात हुशारीचं काम वाटतं ते पेपरांचं. मोटार उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने पेपरांना फुकट सेवा दिली, तुमच्या गावातल्या अपघाताचे तपशील आम्हाला पाठवा, आम्ही तुम्हाला तयार लेख देतो. आता फुकटचा तयार लेख कुठला संपादक नाकारणार! त्या लेखांत दोष अर्थातच चालणाऱ्याकडे सरकत गेला. दुसरीकडे टिंगल. गावंढळाला हिणवायचा बोलीतला शब्द जोडून 'जेवॉकर' हे नाव आधीच प्रचारात होतं, ते आता सगळीकडे चालवलं, बॉय स्काउटची पोरं रस्ता 'चुकीचा' ओलांडणाऱ्यांच्या हातात कार्ड ठेवायची, आणि १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सेफ्टी मोहिमेत तर एक विदूषक रमतगमत चालवला आणि मागून फोर्डची मॉडेल टी त्याला परत परत ढुशी मारतेय असा तमाशा दाखवला. लोक हसले. हसण्यावारी नेलं की राग जातो, हे कुणाला तरी नीट माहीत होतं.

मग कायदा. लॉस एंजेलिसने १९२५ मध्ये नियम केला की चालणाऱ्याने क्रॉसिंगवरूनच जायचं, आणि १९२८ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या पुढाकाराने त्याच धर्तीची नमुना नियमावली निघाली जी शहरांनी जवळपास तशीच उचलली. शाळांतही मुलांना शिकवायला लागले की रस्ता खेळायची जागा नाही. ती पिढी मोठी झाली तेव्हा हे सगळं निसर्गनियमासारखं वाटायला लागलं होतं.

ब्रिटनमध्ये थोडं वेगळं झालं, पण फार नाही. १९३० मध्ये त्यांनी ताशी २० मैलांची मर्यादाच काढून टाकली, आणि १९३४ मध्ये रस्त्यावर ७,३४३ माणसं मेली. ही संख्या बघितल्यावर १९३५ मध्ये वस्तीत ३० मैलांची मर्यादा आली, नारिंगी गोळ्यांचे खांब लावून क्रॉसिंग दाखवली गेली, १९५१ मध्ये झेब्राचे पट्टे आले. पट्टे चांगलेच, पण त्याचा दुसरा अर्थ असा की पट्टे सोडून उरलेला अख्खा रस्ता आता तुमचा नाही.

महायुद्धानंतर ही समजूत काँक्रीटमध्ये ओतली गेली. ट्रॅफिक इंजिनिअर काय मोजायचा, तर गाड्यांना किती सेकंद थांबावं लागलं. चालणारा किती थांबला हे कोष्टकात नव्हतंच. स्पीड लिमिट ठरवायची एक पद्धत अमेरिकेत रुळली, की मोकळ्या रस्त्यावर १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत चालतात तो वेग 'योग्य'. म्हणजे रस्ता रुंद करा, लोक जोरात चालवतील, मग तोच आकडा बोर्डावर लावा, झालं. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बुकॅनन अहवालाने गाड्यांपासून वस्त्या वाचवायला हव्यात असंही बजावलं होतं, पण शहरांनी त्यातून उचलले ते मोठे रस्ते आणि माणसांना वर-खाली करणारे पूल नि भुयारं. पादचारी पूल हा प्रकार सुरक्षेच्या नावाने खपतो, पण बघा ना, इंजिनवाला सपाट जातो आणि गुडघेवाला दोन मजले चढतो. मग लोक खालूनच पळतात आणि आपण म्हणतो, पूल दिलाय तरी वापरत नाहीत!

सिग्नलचं तर गणितच करून बघा. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायचा असा जुना हिशोब. सहा लेनचा रस्ता, लेन साडेतीन मीटरची, म्हणजे २१ मीटर, म्हणजे साडेसतरा सेकंद. धडधाकट माणूस आरामात जाईल. पण काठी घेऊन चालणारी आजी सेकंदाला ०.८ मीटर चालली तर तेवढ्या वेळात १४ मीटर कापते, उरलेल्या दोन लेन बाकी असताना समोरच्या गाड्या रेस करायला लागतात. तिने नियम एकही मोडलेला नाही. अमेरिकेने २००९ मध्ये हा आकडा थोडा खाली आणला, सेकंदाला साधारण १.०७ मीटर, पण तरी आजी मध्येच.

उलटा प्रवास सुरू झाला नेदरलँड्समध्ये. १९७१ मध्ये तिथे रस्त्यावर ३,३०० च्या आसपास माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं. एका पत्रकाराची मुलगी गेली, त्याने पेपरात लिहिलं, आणि 'मुलांचे खून थांबवा' या नावाची चळवळ उभी राहिली. नाव मुद्दाम तसं होतं, अपघात नाही, खून. आईबाप रस्ते अडवून बसले. १९७३ चं तेलसंकट त्यांच्या मदतीला आलं, रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या आणि लोकांना मोकळा रस्ता कसा दिसतो ते कळलं, त्यामुळे डच लोक मुळातच शहाणे वगैरे म्हणायची गरज नाही, तेही तेव्हा गाड्यांसाठी शहरं फोडतच होते. पण डेल्फ्टमध्ये सुरू झालेली 'वूनर्फ' ही कल्पना, म्हणजे वस्तीतला असा रस्ता जिथे माणूस यजमान आणि गाडी पाहुणी, तिला १९७६ मध्ये कायद्यात जागा मिळाली.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये व्हिजन झिरो मान्य केलं. त्यातली मूळ कल्पना अशी की माणूस चुकणारच, तर चुकीला मृत्यूची शिक्षा नसावी इतपत रस्ता आणि वेग ठेवा. हे वेगाचं प्रकरण जरा खोलात बघण्यासारखं आहे. कोरडा रस्ता, ड्रायव्हरला ब्रेकवर पाय ठेवायला एक सेकंद लागतो असं धरा. ताशी ३० किमीची गाडी त्या सेकंदात आठेक मीटर जाते आणि पुढच्या पाच मीटरमध्ये थांबते, म्हणजे एकूण साडेतेरा मीटरच्या आत. ताशी ५० ची गाडी त्याच एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर गेलेली असते. म्हणजे जिथे पहिली गाडी पूर्ण थांबली तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नाही, आणि पोरगं तिथे उभं असेल तर त्याला पूर्ण ५० चा दणका. सगळा वाद या २० किमीचा आहे.

ज्यांनी हे मनावर घेतलं तिथे फरक दिसला. २०१९ मध्ये ऑस्लोत एकही पादचारी किंवा सायकलवाला रस्त्यावर मेला नाही, हेलसिंकीतही त्या वर्षी पादचारी मृत्यू शून्य. स्पेनमधल्या पोंतेवेद्राने १९९९ पासून जुन्या शहरातून गाड्या जवळपास हद्दपारच केल्या. बोगोताच्या महापौरांनी, अंतानास मोकस यांनी, १९९५ मध्ये चौकाचौकात मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले, झेब्रावर गाडी घातली की ते ड्रायव्हरची नक्कल करायचे, बेशिस्त चालणाऱ्यांनाही सोडायचे नाहीत. टिंगल तीच, पण या वेळी गाडीवाल्याच्याही वाट्याला आली.

अमेरिकेत मात्र गाडी परत उलटी फिरली. न्यूयॉर्कने २०१४ मध्ये व्हिजन झिरो घेतलं, पाठोपाठ बऱ्याच शहरांनी नाव तेवढं घेतलं आणि रस्ते होते तसेच ठेवले. देशात २००९ मध्ये पादचारी मृत्यू ४,१०० च्या आसपास होते, २०२२ मध्ये साडेसात हजारांच्या वर. कारणं बरीच आहेत, पण एक डोळ्यांनाच दिसतं, गाड्यांची नाकं उंच झाली. २०२३ मध्ये तिथल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने मोजलं की ४० इंचांहून उंच बॉनेटची गाडी, ३० इंच किंवा त्याहून कमी आणि उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा, धडकलेल्या पादचाऱ्याचा जीव घेण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. कमी उंचीची गाडी पायांना लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो, उंच गाडी छातीवर किंवा डोक्यावर आदळते आणि माणूस खाली जातो. युरोपात नव्या गाडीची पादचाऱ्याला किती इजा होते याची चाचणी १९९७ पासून रेटिंगमध्ये धरली जाते, पुढे ती सक्तीचीही झाली. अमेरिकेत पादचाऱ्याच्या डोक्याला लागणाऱ्या माराबद्दल गाडीसाठी नियम करायचा सरकारी प्रस्ताव आला तो २०२४ च्या सप्टेंबरमध्ये.