महाराणीचं ताट आणि मोरचुदाचा निळा

दुकानात ‘क्लासिकल डिझाइन’चा डिनर सेट मागा, सोनेरी काठाचं काहीही पुढ्यात येतं. अठराव्या शतकातल्या युरोपात मात्र या शब्दाला नेमका अर्थ होता. १७३८ पासून हर्क्युलेनियम आणि १७४८ पासून पाँपेई इथे उत्खनन सुरू झालं. तिथून निघालेली चित्रं-भांडी पाहता पाहता शंखशिंपल्यांची वळणदार नक्षी लोकांना जुनाट वाटायला लागली. आता सरळ रेषा आणि ग्रीक-रोमन चेहरे हवे होते.

१७७६ मध्ये रशियाच्या कॅथरिन दुसरीने पॅरिसजवळच्या सेव्हरच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्याकडे साठ जणांच्या पंगतीचा सेट सांगितला. तिला कॅमिओंचा, म्हणजे रत्नांत कोरलेल्या उठावाच्या चित्रांचा, भारी नाद. घाट प्राचीन थाटाचे, नक्षीत कॅमिओ आणि रंग फिरोजी हवा. घाटाचं साच्यावर भागतं. खरी गोची रंगाची, आणि माझा जीव तिथेच अडकलाय.

हा रंग तांब्याचा. मोरचूद पाण्यात विरघळवलं की दिसतो तो निळाही तांब्याचाच. तांब्याचा आयन तांबूस प्रकाश शोषून घेतो, पण नेमका किती आणि कोणता, हे त्याच्या शेजारचे अणू ठरवतात. ताटावरचा रंग म्हणजे वितळून बसलेली रंगीत काचच. त्या काचेत सोडा-पोटॅश भरपूर असेल तर फिरोजी छटा येते, शिसं वाढलं की ती हिरव्याकडे झुकते.

१७६८ मध्ये फ्रान्समधल्या लिमोजजवळ सेंत-इरिये इथे केओलिन, म्हणजे अस्सल पांढरी चिनी माती, सापडली होती. केओलिन आणि फेल्डस्पार हे खनिज मिळून बनणारं ‘कठीण’ पोर्सेलिन साधारण १४०० अंशांना भाजतात. त्याची झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, हीही फेल्डस्पारची. वरचा रंग नंतर, बऱ्याच कमी आचेवर, चढवायचा. तेवढ्या आचेला ही झिलई ढिम्म हलत नाही, त्यामुळे रंग नुसता वर बसून राहतो.

जुन्या ‘मऊ’ पोर्सेलिनमध्ये केओलिन नसतंच. वाळू, सोरा, सोडा, तुरटी वितळवून केलेली काच दळायची, तिच्यात थोडा खडू आणि चुनखडीची माती कालवायची आणि तो लगदा भाजायचा. वरून शिशाची झिलई. रंगाच्या भट्टीत ही झिलई पुन्हा मऊ होते, रंग तिच्यात मुरतो आणि खोली येते. म्हणून नवी माती हाताशी असूनही कॅथरिनचा सेट जुन्याच पद्धतीने झाला. अशी ताटं भट्टीत सहज वाकतात, आणि झिलईवर सुरीचे ओरखडे उठतात ते वेगळंच. १७७९ मध्ये सुमारे ८०० नग रवाना झाले. किंमत तीन लाख लिव्रच्या (तेव्हाचं फ्रेंच चलन) वर.

चिनी मातीच्या ताटात विष पडलं की ताट तडकतं, असा समज तेव्हा दूरवर पसरलेला होता. ताट तडकतं ते एकदम गरम-थंड झाल्यामुळे. गंमत म्हणजे शिशाच्या झिलईवर आंबट सॉस वाढला तर शिसंच थोडंथोडं जेवणात उतरू शकतं, आणि त्याने ताटाला साधा चराही पडत नाही.