कान-नाक-घसा शल्यचिकित्सकाचे प्रशिक्षण

कान, नाक, घसा आणि डोके-मान यांच्या विकारांवर औषधोपचार व शस्त्रक्रिया करण्याची पात्रता देणारे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण. मेंदूच्या विकारांसाठी औषधे देणारा आणि शस्त्रक्रिया करणारा असे दोन वेगळे तज्ज्ञ असतात; येथे मात्र दोन्ही कामे एकाच डॉक्टरकडे असल्याने विद्यार्थ्याचा बराच वेळ शस्त्रक्रियागृहाबाहेर, बाह्यरुग्ण विभागात जातो.

भारतात एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा एमबीबीएस अभ्यासक्रम पूर्ण करून नीट-पीजी परीक्षेद्वारे तीन वर्षांच्या एमएस किंवा डीएनबी या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर निवासी प्रशिक्षण पाच वर्षांचे असते. ब्रिटनमध्ये दोन वर्षांचे पायाभूत व साधारण दोन वर्षांचे सामान्य शल्यप्रशिक्षण झाल्यावर या शाखेची सुमारे सहा वर्षे सुरू होतात. केवळ वर्षे मोजून तुलना करणे फसवे आहे, कारण भारतातील विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या जवळजवळ पहिल्या दिवसापासून याच विभागात काम करतो.

टॉन्सिल काढणे, श्वासनलिकेला छिद्र पाडून श्वासमार्ग मोकळा करणे, नाकाचा वाकडा पडदा सरळ करणे या शस्त्रक्रिया विद्यार्थी तुलनेने लवकर शिकतो. खरी कसोटी कानाची. ज्या हाडात कान बसलेला असतो, त्या टेम्पोरल बोनमधूनच चेहऱ्याचे स्नायू हलविणारी नस जाते. शेजारी श्रवणाचे व तोलाचे अवयव, मोठी शीर आणि मेंदूचे आवरण असते. म्हणून मृतदेहापासून मिळालेल्या हाडावर, सूक्ष्मदर्शकाखाली ड्रिल चालविण्याचा सराव आधी प्रयोगशाळेत करावा लागतो. हाड कोरताना पाण्याची धार सतत ठेवण्याची सवयही तेथेच लागते, कारण ड्रिलच्या उष्णतेनेसुद्धा नस दुखावते. प्रयोगशाळेतले हाड रक्तस्राव करत नाही, ही या सरावाची मर्यादा होय.

नाकाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत अडचण वेगळी असते. मॉनिटरच्या पडद्यावरील चित्र सपाट असल्याने खोलीचा अंदाज ठळक शरीररचनात्मक खुणांवरून बांधावा लागतो, आणि डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत कागदासारखी पातळ असते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅन स्वतः वाचता येणे हे हस्तकौशल्याइतकेच महत्त्वाचे मानले जाते. घशाच्या अनेक शस्त्रक्रियांत शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांना एकाच श्वासमार्गात काम करावे लागते, म्हणून परस्परांशी आधी बोलून क्रम ठरविणे हाही शिक्षणाचाच भाग ठरतो.

पुढे डोके-मानेचा कर्करोग, लहान मुलांचे कान-नाक-घसा विकार, स्वरयंत्र, नासाविकार किंवा कर्णशल्य यांपैकी एका उपशाखेत फेलोशिप, म्हणजे अधिक विशेष प्रशिक्षण, करता येते. बहुतेक फेलोशिप एक ते दोन वर्षांच्या असतात. आंतरकर्ण व कवटीच्या तळाशी संबंधित न्यूरोटॉलॉजीसाठी अमेरिकेत दोन वर्षे लागतात.