एक फोन, वर्गभर पुठ्ठे आणि बाभळीचं लाकूड

आमच्या शाळेत गावच्या वर्गणीतून घेतलेला मोठा टीव्ही आहे, त्याच्यावर मॅडमनी घरून आणलेली जुनी ओढणी टाकलेली असते कारण धूळ लई. व्होल्टेज कमी असलं की तो चालू-बंद, चालू-बंद करत बसतो आणि पोरं गंमत बघत बसतात. पण चालला तर झकास चालतो, अडीच मिनिटांत हृदय कसं काम करतं ते रंगीत दाखवून मोकळा, वर्ग एकदम चिडीचूप. मी परभणीकडच्या एका खेड्यात सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो आणि बरीच वर्षं मला वाटायचं की पोरं गप्प आहेत म्हणजे पोरायला कळतंय.

दुसऱ्या दिवशी विचारलं की समजायचं. "सर, ते लाल लाल काहीतरी पळत होतं."

ह्यात टीव्हीचा काही दोष नाही, आपल्या डोक्याचा स्वभावच तसा आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या पोरांवर एक साधा प्रयोग केला. वाचायला दोन छोटे उतारे, एक सूर्यावर आणि एक समुद्रातल्या पाणमांजरावर (पाणमांजरच का ते विचारू नका). एक उतारा पोरांनी दोनदा वाचायचा. दुसरा एकदाच वाचायचा आणि मग पुस्तक बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर उतरवायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचलेलं पुढं, ८१ टक्के आठवलं, आणि एकदा वाचून लिहिलेलं ७५. इथपर्यंत आपल्याला वाटतं तसंच. पण आठवड्यानी बघितलं तर दोनदा वाचलेलं ४२ वर आलं आणि आठवून लिहिलेलं ५६ वर टिकलं. म्हणजे गोष्ट डोक्यात घालताना जेवढी पक्की होते त्यापेक्षा ती डोक्यातून बाहेर ओढून काढताना जास्त पक्की होते. आणि गंमत अशी की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच "आपल्याला येतंय" असं जास्त वाटत होतं! आमच्या लहानपणी गुर्जी मधूनच उभं करून तेवीस सात किती विचारायचे ते काही वेडे नव्हते, बरं का.

फक्त गुर्जींची एक अडचण होती. उत्तर एकच पोरगं देतं, बाकीचे चाळीस सुटकेचा श्वास सोडतात, आणि हात वर करणारे ठरलेले चार. मागच्या बाकावरच्या डोक्यात काय चाललंय ते कळायला काही मार्गच नाही.

इथं मला खरी टेक्नॉलॉजी उपयोगी पडली आणि ती निघाली पुठ्ठ्याची. प्लिकर्स नावाचं एक अ‍ॅप आहे, त्याची कार्डं प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवायची. प्रत्येक पोराला एक नंबराचं कार्ड, त्यावर काळं चौकोनी नक्षीकाम आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. आपलं उत्तर ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. सरांनी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, झालं. पोरांकडं फोन नको, टॅब नको, लाइट गेली तरी उजेड असला म्हणजे बास. अक्षरं एवढी बारीक की शेजाऱ्याला दिसत नाहीत आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळं कॉपी करायची पंचाईत.

फोनला कसं कळतं कोण काय म्हणतंय? कॅमेरा आधी काळ्या-पांढऱ्याच्या कडा शोधतो, तिरपं धरलेलं कार्ड हिशोबानं सरळ करून घेतो आणि मग कुठला चौकोन काळा, कुठला पांढरा ते वाचतो. कॅरम बोर्ड चारही बाजूंनी सारखाच दिसतो, तशी नक्षी असती तर वरची बाजू कुठली ते कळालंच नसतं, म्हणून ती मुद्दाम अशी काढलेली असते की जशी फिरवाल तशी वेगळी दिसते. पुस्तकातला क्यूआर कोडही ह्याच जातीतला. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा ह्यांनी १९९४ मध्ये तो गाड्यांच्या सुट्या भागांसाठी बनवला, त्याच्या तीनच कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात, चौथ्यात तसा नसतो, त्यावरून दिशा कळते. शिवाय त्यात माहिती अशी गुंफलेली असते की सगळ्यात पक्क्या प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. आमच्या एका पुस्तकावर खिचडीचा पिवळा डाग आहे बरोब्बर कोडवर, तरी स्कॅन होतंय.

तर एका दिवशी विचारलं, बाभळीचं वाळलेलं लाकूड, त्याचं वजन मुख्यतः कुठून येतं? ए माती, बी पाणी, सी हवा, डी खत. फोन फिरवला तर निम्म्याहून जास्त वर्ग माती आणि खत, शेतकऱ्याचीच लेकरं ना. हवा म्हणणारे हाताच्या बोटांवर.

उत्तर सांगितलं नाही. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून हेच करतात, आधी मत घ्यायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायला लावायचं, मग परत मत. वर्गात असा कालवा झाला की हेडसर डोकावून गेले. खिडकीजवळची एक पोरगी शेजारणीला सांगत होती, "अगं, मातीतून वजन आलं असतं तर दरसाल ऊस काढून काढून आपल्या रानाचा खड्डा नसता का झाला?" मी गप्प उभा. जवळपास चारशे वर्षांपूर्वी व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या युरोपातल्या शास्त्रज्ञानं नेमकं हेच मोजलं होतं, २०० पौंड वाळलेल्या मातीत वाळुंजाचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं, झाड ५ पौंडांचं १६९ झालं आणि माती कमी झाली दोन-एक औंस. त्याला वाटलं, सगळं पाण्यानंच केलं. तेही अर्धवटच, कारण वाळल्या लाकडात जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो पानं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. परत फोन फिरवला तर हवा बरीच वर आलेली. उत्तर मग सांगितलं.

तीन आठवड्यांनी, पोरं विसरायला लागली असतील अशा बेतानं, तोच प्रश्न परत टाकला. बहुतेक सगळे बरोबर. आणि चुकलेल्यांत कोण, तर खड्डावाली. डी, खत.

"सर, कार्ड उलटं धरल्या गेलं."

सी च्या समोर ए असतं, डी नसतं. पण हे काही तिला बोललो नाही, फोन खिशात टाकला आणि म्हणलं, ये फळ्यापाशी, झाड काढ आणि सांग.