गर्भधारणा

गर्भधारणा : स्त्रीबीज व शुक्राणू यांच्या मीलनातून तयार झालेला गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजणे. बोलीभाषेत ‘दिवस जाणे’, ‘दिवस राहणे’. नुसते मीलन झाले म्हणजे दिवस गेले असे होत नाही. कितीतरी फलित बीजे रुजण्याआधीच किंवा रुजतारुजता नाहीशी होतात आणि पाळी नेहमीसारखी येते.

पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी एका अंडाशयातून पक्व बीज सुटते. ते फार तर एक दिवस टिकते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळे बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच काळ गर्भधारणेचा. सरसकट ‘चौदावा दिवस’ धरणे चुकीचे आहे. ज्यांची पाळी ३५ दिवसांनी येते, त्यांचे बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटते.

मीलन होते ते गर्भनलिकेत, म्हणजे अंडाशयाकडून गर्भाशयाकडे जाणाऱ्या नळीत. कोट्यवधी शुक्राणूंपैकी तिथवर काहीशेच पोचतात. त्यातला एक आत शिरला की बीजाचे कवच बदलते आणि बाकीच्यांची वाट बंद होते. दोघांकडून २३-२३ गुणसूत्रे येतात. बीजात एक्स गुणसूत्रच असते, शुक्राणूत एक्स किंवा वाय. म्हणजे मुलगा की मुलगी हे शुक्राणूवर ठरते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरात हे मोठ्याने वाचून दाखवावे.

एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होत गर्भ तीन-चार दिवसांत गर्भाशयात उतरतो. पाचव्या दिवशी तो पोकळ चेंडूसारखा असतो : बाहेरच्या पेशींपासून पुढे वार तयार होते, आतल्या पुंजक्यापासून बाळ. मग तो कवचातून बाहेर पडतो आणि सहाव्या ते दहाव्या दिवसादरम्यान अस्तरात रुततो. कधी या सुमारास लालसर डाग दिसतो आणि हलकी पाळी समजून सोडून दिला जातो.

रुजलेल्या गर्भाच्या पेशी एचसीजी हे संप्रेरक सोडतात. त्याच्या सांगाव्यावरून अंडाशय प्रोजेस्टेरॉन बनवत राहते, अस्तर गळत नाही, पाळी चुकते. हेच एचसीजी लघवीत उतरते. आशाताई देतात त्या ‘निश्चय’ गर्भचाचणी किटवर लघवीचे थेंब टाकल्यावर पाच मिनिटांत उमटणारी दुसरी रेघ, कितीही फिकट असली तरी, त्याचीच.

डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून, एकूण २८०. त्यामुळे पाळी चुकते त्या दिवशीच चार आठवडे भरलेले असतात. मीलनानंतर सुमारे २२ व्या दिवशी हृदय धडधडू लागते. २८ व्या दिवसापर्यंत मेंदू व मज्जारज्जू जिच्यापासून बनतात त्या नलिकेची उघडी तोंडे मिटतात. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेकींना अजून पत्ताही नसतो. ही नलिका नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवे असे ठरवल्यापासूनच सुरू करायची असते. पहिल्या तपासणीची वाट पाहिली तर तिचा मुख्य उपयोग हुकतो.

सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतील बिघाडामुळे होतात. जिना चढली, घरकाम केले म्हणून बाईला दोष देणे क्रूर आहे आणि चुकीचेही. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेतच रुजला तर मात्र जिवावर बेतते. पाळी चुकल्यावर ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली, चक्कर आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.