वाढीव आयुष्य आणि सातबाऱ्यावरचं नाव

औषधाने म्हातारपण लांबवता येतं का, या प्रश्नाचं सगळ्यात भरवशाचं उत्तर आजवर उंदरांकडून मिळालं आहे. ज्या औषधाने ते दिलं, ते मुळात त्यासाठी शोधलेलंच नव्हतं.

1964 च्या डिसेंबरात कॅनडाचं एक वैद्यकीय पथक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर पोचलं. बेटावरची माणसं अनवाणी वावरतात, धनुर्वाताचे जंतू ज्यांच्या लिदीतून पसरतात ते घोडे सगळीकडे आहेत, तरी धनुर्वात कसा होत नाही, असा प्रश्न पथकातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जॉर्ज नोग्राडी यांना पडला. त्यांनी बेटभर फिरून मातीचे नमुने गोळा केले. ते नमुने पुढे माँट्रियलमधल्या आयर्स्ट या औषध कंपनीकडे गेले. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेन सेहगल तिथे काम करत होते. त्यांच्या चमूने 1972 मध्ये त्या मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशी मारणारं द्रव्य वेगळं केलं आणि बेटाच्या स्थानिक नावावरून, म्हणजे रापा नुईवरून, त्याला रॅपामायसिन म्हटलं. ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं हेही लवकरच दिसलं. पण कंपनीचा रस आटला आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली. सेहगल यांनी शेवटचा साठा घरच्या फ्रीझरमध्ये ठेवला आणि घर बदललं तेव्हा तो बरोबर नेला. त्या फ्रीझरमुळेच 1999 मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांना हे औषध मिळू शकलं. 2003 मध्ये सेहगल गेले. पुढचा सगळ्यात मोठा निष्कर्ष त्यांना पाहायला मिळाला नाही.

तो आला 2009 मध्ये. अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने उंदरांना रॅपामायसिन दिलं. ते खाद्यात टिकत नव्हतं, म्हणून त्याला सूक्ष्म वेष्टण देण्याची युक्ती शोधावी लागली. त्यात इतका वेळ गेला की उंदीर 600 दिवसांचे झाले. माणसाच्या हिशेबात हे वय साठीच्या आसपास येतं. प्रयोग फुकट जाण्याची भीती होती, पण झालं उलटंच. दीर्घायुष्याच्या टोकाला पोचलेल्या उंदरांचं वय माद्यांमध्ये सुमारे 14 टक्क्यांनी आणि नरांमध्ये सुमारे 9 टक्क्यांनी वाढलं, आणि तेही तिन्ही ठिकाणी. औषध म्हातारपणी सुरू करूनही उपयोग होतो, हे त्या उशिरामुळे कळलं. या क्षेत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग हाच.

हे घडतं कसं? आपल्या पेशींमध्ये एमटॉर नावाचं एक प्रथिन असतं. मायकेल हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याचा भाऊबंद 1991 मध्ये यीस्टमध्ये सापडला, तोही रॅपामायसिनचाच माग काढताना. भरपूर अन्न मिळत असलं की एमटॉर पेशीला सांगतं: वाढ, नवी प्रथिनं बनव. अन्न कमी झालं की ते शांत होतं आणि पेशी आपल्यातले मोडके भाग तोडून पुन्हा वापरायला घेते. घरात सतत नवं सामान येत असेल तर माळा आवरायला कुणाला सवड होत नाही, तसंच हे. रॅपामायसिन एमटॉरला आवरतं आणि साफसफाईला वाव मिळतो. उंदरांना कमी खायला दिलं की ते जास्त जगतात हे 1935 पासून माहीत आहे, त्यामागेही काही प्रमाणात हीच यंत्रणा असावी.

आता माणसाकडे येऊ. प्रत्यारोपणाच्या रुग्णांमध्ये रॅपामायसिनमुळे तोंड येतं, जखमा भरायला वेळ लागतो, कोलेस्टेरॉल आणि रक्तातली साखर वाढते. मात्रा कमी ठेवली तर चित्र बदलू शकतं. याच जातकुळीतलं एक औषध थोड्या मात्रेत दिल्यावर ज्येष्ठांमध्ये फ्लूच्या लशीचा परिणाम वाढला, असं 2014 मध्ये दिसलं. पण एमटॉरवरच काम करणाऱ्या दुसऱ्या औषधाची मोठी चाचणी 2019 मध्ये अपयशी ठरली. उंदरांमध्येही सगळं चांगलंच झालं असं नाही. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडांना जोडणारे पट्टे, जास्त काळ लवचिक राहिल्या, मात्र मोतीबिंदू वाढला.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. आयसीएमआरच्या 2023 च्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि हे औषध साखर वाढवू शकतं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. पंधरा वर्षांवरच्या सुमारे तीस टक्के लोकांच्या शरीरात क्षयाचा जंतू सुप्तावस्थेत असतो, आणि त्याला आवरून धरणारी प्रतिकारशक्तीच हे औषध कमी करू शकतं. ते उंदीर मात्र ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त ठेवलेल्या पिंजऱ्यांत वाढले होते. त्यामुळे परदेशात यशस्वी झालेली गोळी इथे तशीच लिहून देणं मला धोक्याचं वाटतं. ती आपल्या माणसांवर, त्यांचा मधुमेह आणि क्षयाचा संसर्ग लक्षात घेऊन, वेगळी तपासली पाहिजे. त्यासाठी माहितीचा पाया आपल्याकडे आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 45 वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून अधिक जणांची पाहणी केली आहे. चालण्याचा वेग, हाताची पकड, रक्तदाब, स्मरणशक्ती हे सगळं त्यात मोजलेलं आहे.

समजा, गोळी लागू पडली. स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, आज ते 70 आहे. ती वाढ मुख्यतः बालमृत्यू कमी झाल्यामुळे आणि साथीचे रोग आटोक्यात आल्यामुळे झाली. आता जी वर्षं वाढतील ती वयाच्या शेवटच्या टोकाला. वडील 95 व्या वर्षापर्यंत जगले तर मुलगा सत्तरीला पोचलेला असतो. जमीन त्याने चाळीस वर्षं कसलेली असते, पण वारस फेरफार झाल्याशिवाय सातबाऱ्यावर त्याचं नाव येत नाही. हयातीत वाटणी केली नसेल तर त्याला स्वतःच्या नावावर पीककर्ज मिळणं अवघड. त्याच्या मुलाचा तर विचारच नको. वाटणीचा कायदा आहे, पण वडील हयात असताना तो विषय काढणं म्हणजे घरात भाऊबंदकीला आमंत्रण, अशी आपली समजूत आहे. आयुष्य लांबलं तर ती सोडावी लागेल.

आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं कोण करतं? बहुतेक घरांत सून करते, बहुतेकदा स्वतः पन्नाशी ओलांडलेली आणि गुडघेदुखीने बेजार. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे पंधराशे रुपये ज्येष्ठाच्या नावावर येतात, पण तिच्या कामाची दखल कुठलीही योजना घेत नाही. म्हणून आयुर्मान किती वाढलं, एवढं सांगणारी चाचणी मला अपुरी वाटते. सासूबाई शेवटची किती वर्षं स्वतःच्या हाताने न्हाल्या, जेवल्या, न धरता जिना उतरल्या, हे चाचणीने आधी नोंदवावं.