किक, ब्लोआउट आणि मधली काही मिनिटं

समुद्रातल्या तेलविहिरीवर काही घडलं की बातमीत बहुतेक वेळा एकच शब्द येतो: स्फोट. मूळ अहवालात ‘किक’ असो, ‘ब्लोआउट’ असो की नुसती आग, मराठीत येईपर्यंत सगळ्याचा स्फोट झालेला असतो. रिगवर, म्हणजे विहीर खणणाऱ्या यंत्रणेवर, काम करणाऱ्यांच्या लेखी मात्र किक आणि ब्लोआउट यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. किक सांभाळणं हा कामाचा भाग आहे, त्याचं प्रशिक्षण असतं, परीक्षा असते, दर काही दिवसांनी सराव असतो. ब्लोआउट झाला म्हणजे तो सराव वाया गेला.

खोल खडकातलं तेल, वायू किंवा खारं पाणी दाबाखाली अडकलेलं असतं. विहीर खणताना त्यांना जागच्या जागी रोखून धरतो तो विहिरीत भरलेला जड द्रव, ज्याला सगळे ‘मड’ म्हणतात. मडच्या उभ्या स्तंभाचं वजन खडकातल्या दाबापेक्षा थोडं जास्त ठेवायचं, हा पहिला अडसर. दुसरा अडसर म्हणजे विहिरीच्या तोंडावरचा बीओपी, ब्लोआउट प्रिव्हेंटर. पाइपला आवळून बसणारं रबरी अ‍ॅन्युलर, पाइपभोवती मिटणारे रॅम आणि शेवटचा उपाय म्हणून पाइपच कापून विहीर बंद करणारा शिअर रॅम, असे पोलादी ठोकळे त्यात एकावर एक रचलेले असतात.

पहिला अडसर हरला आणि खडकातला द्रव विहिरीत घुसला, की ती किक. दोन्ही हरले आणि प्रवाह कुणाच्याच ताब्यात राहिला नाही, की तो ब्लोआउट. तो वर रिगवरच यायला हवा असंही नाही. एका थरातून निघून विहिरीतूनच दुसऱ्या कमजोर थरात शिरणारा प्रवाह वर कुणाला दिसत नाही, तरी त्याला भूमिगत ब्लोआउटच म्हणतात.

आणि ब्लोआउट म्हणजे स्फोट नव्हे. २८ नोव्हेंबर २००४ला नॉर्वेच्या समुद्रात स्नोरे ए या प्लॅटफॉर्मखाली थेट समुद्रतळातून वायू उसळू लागला. बहुतेक लोकांना हेलिकॉप्टरने हलवलं, मागे राहिलेल्यांनी शिल्लक होतं ते सगळं साहित्य वापरून मड कालवलं आणि विहिरीत ढकललं. प्रवाह थांबला, ठिणगी पडली नाही, जीवितहानी झाली नाही. ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या तिमोर समुद्रात मोंटारा विहिरीचा ब्लोआउट २१ ऑगस्ट २००९ला सुरू झाला आणि आग लागली ती १ नोव्हेंबरला, म्हणजे दहा आठवड्यांनी. उलट १९८८च्या पायपर अल्फा दुर्घटनेत १६७ माणसं गेली, पण तिची सुरुवात विहिरीतून झालीच नव्हती. दुरुस्तीसाठी काढलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागेतून गळती झाली होती.

किक ओळखायची कशी, यात खरं कसब आहे. पंप चालू असताना जेवढं मड खाली जातं तेवढंच वर यायला हवं. परत येणाऱ्या मडचा वेग वाढला, टाक्यांमधली पातळी चढली, किंवा पंप बंद करूनही विहीर वाहत राहिली, की ड्रिलर सावध होतो. पाइप बाहेर काढताना हिशेब आणखी बारीक. बाहेर आलेल्या पोलादाच्या आकारमानाएवढं मड ट्रिप टँक नावाच्या छोट्या मोजणीच्या टाकीतून विहिरीत जायला हवं. विहिरीने ठरल्यापेक्षा कमी मड घेतलं, तर उरलेली जागा खाली कुणीतरी भरली आहे. पाइप घाईने ओढला तर तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा खालचा द्रव वर शोषून घेतो, याला स्वॅबिंग म्हणतात. कागदावर सगळं सोपं आहे. पहाटे तीन वाजता, जहाज लाटांवर डुलत असताना आणि टाक्यांमधली पातळी त्यामुळेच खालीवर होत असताना, दोन-चार बॅरलची वाढ ओळखायची तर डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

त्यात विहीर फसवतेही. पंपाच्या जादा दाबाने खडकाला बारीक भेगा पडून थोडं मड आत जातं आणि पंप थांबला की तेच परत येतं. याला बलूनिंग म्हणतात. पडद्यावर ते हुबेहूब किकसारखं दिसतं. फरक एवढाच की बलूनिंगचा प्रवाह हळूहळू मंदावतो, किकचा सहसा वाढत जातो. मला विचाराल तर कमी जाणकार माणसापेक्षा ‘हे नेहमीचं बलूनिंगच’ असं म्हणून मोकळा होणारा अनुभवी माणूस इथे जास्त धोक्याचा.

घाई का करायची, हे एका हिशेबावरून कळतं. समजा ३,००० मीटर खोल विहिरीत पाण्याच्या १.२ पट जड मड आहे. तळाशी दाब साधारण ३५० बार (एक बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा). तिथे एक बॅरल वायू घुसला आणि वर सरकू लागला. ढोबळ मानाने खोली निम्मी झाली की वायूचं आकारमान दुप्पट होतं. १,५०० मीटरवर दोन बॅरल, ७५० मीटरवर चार, ३७५ वर आठ. वर शंभरेक मीटर उरतात तेव्हा तीसेक बॅरल, आणि पृष्ठभागावर साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे बहुतेक सगळा प्रवास शांततेत होतो आणि सगळा गोंधळ शेवटच्या शंभर मीटरमध्ये. मड तेलावर आधारित असेल तर वायू त्यात विरघळतो, सोड्याच्या बाटलीतल्यासारखा लपून राहतो आणि वर येता येता एकदम सुटतो.

मग विहीर बंद करून स्वस्थ बसावं का? तेही चालत नाही. बंद विहिरीत वायू न फुगता वर चढला तर तळाचा दाब सोबत घेऊनच चढतो. त्यामुळे सगळ्या विहिरीतला दाब वाढत जातो आणि कुठेतरी खडक फुटतो. म्हणून बीओपी मिटल्यावर चोक नावाच्या व्हॉल्व्हमधून वायूला मोजूनमापून फुगू देत बाहेर काढायचं आणि विहिरीत जास्त जड मड भरायचं. हे काम काही तासांचं असतं, कधी दिवसांचं.

किकचा ब्लोआउट कसा होतो, हे २० एप्रिल २०१०च्या रात्री मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तरंगत्या रिगवर दिसलं. तिची मॅकोंडो नावाची विहीर खणून झाली होती, सिमेंट घातलं होतं. ते धरलंय का हे पाहणाऱ्या चाचणीत ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय (दाबाचं एकक) दाब दिसत होता, बीओपीतून विहिरीला जोडलेल्या किल लाइन या नळीवर शून्य. शून्यावर विश्वास ठेवला गेला आणि विहिरीतलं जड मड काढून हलकं समुद्राचं पाणी भरणं सुरू झालं. त्या दिवशी शेजारच्या जहाजावर मड उतरवणं, टाक्या साफ करणं अशी कामंही चालली होती, त्यामुळे टाक्यांच्या पातळीचा हिशेब धूसर झाला. रात्री ९ वाजून ८ मिनिटांनी पंप थांबवले, तरी पाइपवरचा दाब पुढच्या साडेपाच मिनिटांत १,०१७ वरून १,२६३ पीएसआयवर चढला. पंप बंद असताना दाब वाढतोय, म्हणजे किक आत आलेली होती. ९:४०च्या सुमारास मड रिगच्या फ्लोअरवर उसळलं, ९:४९च्या सुमारास पहिला स्फोट झाला. बीओपी मिटवला तोवर वायू त्याच्याही वर, समुद्रतळ ते जहाज अशा दीडेक किलोमीटरच्या रायझर नळीत पोचला होता. दार लावलं, पण पाहुणा घरात होता. शिअर रॅमच्या कात्रीत आलेला पाइप वाकून मध्यावरून सरकलेला होता, त्यामुळे विहीर बंद झालीच नाही. अकरा माणसं गेली आणि तेल ८७ दिवस वाहत राहिलं.

म्हणूनच ‘बीओपीने दगा दिला’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. दगा दिला हे खरं, पण त्याच्यावर पाळी आली तोवर चाळीसेक मिनिटं हातची गेली होती. १९७९मध्ये मेक्सिकोच्या कँपेचे उपसागरात इश्तोक-१ विहिरीवर शिअर रॅमसमोर आले ते ड्रिल कॉलर, म्हणजे ड्रिल पाइपच्या खाली जोडलेले जाड भिंतीचे जड नळ, जे कापण्याची त्याची ताकदच नव्हती. ती विहीर ३ जूनला सुटली ती २३ मार्च १९८०ला आवरली.

नियमांतही हा भेद उमटतो. अमेरिकेत ‘लॉस ऑफ वेल कंट्रोल’ म्हणून कळवायचं ते प्रवाह अनियंत्रित झाला तर, भूमिगत असला तरी, किंवा तो डायव्हर्टरमधून, म्हणजे प्रवाह रिगपासून दूर वळवणाऱ्या यंत्रणेतून, काढावा लागला तर. नेहमीच्या पद्धतीने निस्तरलेली किक त्यात मोडत नाही. ब्रिटनच्या नियमांत ब्लोआउट तर येतोच, शिवाय नेहमीचे उपाय फसल्यामुळे बीओपी वापरावा लागला तर तीही घातक घटना. नॉर्वेचा नियामक त्याही आधीच्या पायरीवर लक्ष ठेवतो आणि विहीर-नियंत्रणाच्या घटना दरवर्षीच्या जोखीम-अहवालात मोजतो. मला नॉर्वेची पद्धत पटते. ब्लोआउट इतके विरळ असतात की नुसते तेच मोजले तर बहुतेक वर्षी रकाना कोरा राहील. मॅकोंडोनंतर अमेरिकेने जुना नियामक मोडून महसूल आणि सुरक्षा वेगवेगळ्या संस्थांकडे दिली, आणि २०१६च्या नियमात कापताना पाइप पात्यांच्या टप्प्यात आणणारी यंत्रणा शिअर रॅमसोबत मागितली.

त्यामुळे ‘विहिरीत अनपेक्षित प्रवाह, बीओपी बंद, काम थांबवलं’ एवढीच बातमी आली, तर शक्यता अशी की किक वेळेवर ओळखली गेली आणि दुसरा अडसर टिकला. मथळ्यात स्फोट असेल, तर आधी पाहावं की विहीर अजून वाहते आहे का.