तांदळातला पांढरा खडा

तांदूळ निवडताना काळा खडा लगेच बोटात येतो. पांढरा खडा मात्र नजरेतून सुटतो आणि जेवताना दाताखाली येतो. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीतही असंच होतं.

या तपासणीच्या चित्रात स्तनातली चरबी काळसर दिसते. दूधग्रंथी, दूधनलिका आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या तंतुमय ऊती पांढऱ्या दिसतात. कर्करोगाची गाठही पांढरीच. चरबी जास्त असेल तर लहानशी गाठही उठून दिसते. ग्रंथी दाट असतील तर ती पांढऱ्यात पांढरी हरवते.

हा दाटपणा, म्हणजे स्तनाची घनता, हाताला कळत नाही. स्तन घट्ट लागतो की मऊ, याचा तिच्याशी संबंध नाही. ती चित्रातच दिसते. रिपोर्टात तिच्यासाठी ए ते डी अशी अक्षरं असतात. सी आणि डी म्हणजे दाट. चाळिशीपुढच्या जवळजवळ निम्म्या बायका यांत मोडतात, त्यामुळे हा आजार मुळीच नव्हे. तरुण आणि सडपातळ बायकांत घनता जास्त आढळते, वयाबरोबर ती बहुधा उतरते.

पण दाट ग्रंथी गाठ फक्त लपवतात असंही नाही. 1976 मध्ये अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट जॉन वोल्फ यांनी दाखवलं की अशा स्तनांत कर्करोग होण्याचं प्रमाणही जास्त असतं. यावर बरीच वर्षं वाद झाला. 2007 मध्ये कॅनडाच्या नॉर्मन बॉइड यांच्या गटाने आकडे मांडले: 75 टक्क्यांहून जास्त भाग दाट असलेल्या बायकांत, 10 टक्क्यांहून कमी असलेल्यांच्या तुलनेत, धोका 4.7 पट. ही तुलना दोन टोकांची आहे, मधल्या बायकांत फरक बराच कमी. तपासणी 'नॉर्मल' आल्यावर वर्षाच्या आत सापडलेले कर्करोग तेवढे वेगळे काढले, तर हाच आकडा 17.8 पट झाला. लपलेल्या गाठी त्या याच.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याच्या नॅन्सी कॅपेलो यांच्या वाट्याला हेच आलं. मॅमोग्राफी नॉर्मल आली आणि सहा आठवड्यांत डॉक्टरांच्या बोटांना काहीतरी जाणवलं. सोनोग्राफीत अडीच सेंटिमीटरची गाठ दिसली; रोग तिसऱ्या टप्प्यात गेला होता. आपली घनता आपल्याला कोणीच कशी सांगितली नाही, हा त्यांचा सवाल होता. त्यांनी पाठपुरावा केला आणि 2009 मध्ये कनेटिकटने ती माहिती देणं कायद्याने बंधनकारक केलं. 10 सप्टेंबर 2024 पासून हा नियम सगळ्या अमेरिकेत लागू आहे. कॅपेलो 2018 मध्येच गेल्या. त्यांनी हे बघायला हवं होतं.

मग सगळ्यांचा एमआरआय करावा का? नेदरलँड्समध्ये अतिदाट स्तन आणि नॉर्मल मॅमोग्राफी असलेल्या बायकांना तो देऊ केला, तेव्हा दोन तपासण्यांच्या मध्ये उद्भवणारे कर्करोग हजारी 5 वरून 2.5 वर आले. पण पहिल्या फेरीत एमआरआय केलेल्या हजारातल्या सुमारे 80 जणींना विनाकारण धास्ती आणि पुढच्या तपासण्या सोसाव्या लागल्या.

तुमच्या रिपोर्टात सी किंवा डी असेल तर सोनोग्राफी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. आणि रिपोर्ट नॉर्मल असूनही नंतर गाठ लागली, कातडी आत ओढली गेली किंवा स्तनाग्रातून रक्त आलं, तर पुढच्या वर्षाच्या तपासणीपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात दाखवा.